देवळीच्या वाटा आणि नकाशाचे रंग

वर्धा शहरातून यवतमाळच्या दिशेने निघालेला प्रवासी अर्ध्या तासाच्या आसपास देवळीला पोहोचतो. गाव फार मोठे नाही. तालुक्याचे ठिकाण, मिरननाथ महाराजांच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे आणि कापसाच्या व्यवहारावर वाढलेले. नागपूर-तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ देवळीवरूनच पुढे कळंब आणि यवतमाळकडे जातो. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला आणि इतकी वर्षे केवळ रस्त्यावर अवलंबून असलेल्या या गावात आगगाडीही आली. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पुलगाव. तेथून मुंबई-नागपूर हा जुना लोहमार्ग जातो आणि जवळूनच वर्धा नदी वाहते.

नकाशावर देवळीची ओळख एवढीच दिसते. परंतु देवळीच्या बाजारपेठेत ज्याचे दुकान आहे, त्याचा भूगोल महामार्गावर संपत नाही. तो महामार्ग सोडल्यावर सुरू होतो. बियाणे आणि खते ज्या गावांना जातात, कापूस आणि तूर ज्या शिवारांतून येते, ती सारी गावे आतल्या रस्त्यांवर आहेत. हा प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा आहे. कापसाला जी माती मानवते, तीच माती रस्त्याची वैरीण ठरते. पाणी पिऊन ती फुगते, वाळल्यावर आकसते आणि भेगाळते. त्यामुळे उन्हाळ्यात ज्या पांदणीवरून भरलेली बंडी सहज जाते, तेथे आषाढात रिकामा ट्रॅक्टरही चाकापर्यंत रुततो. त्यात नाल्यांवरचे रपटे आणि ठेंगणे पूल. वर्षाचे अकरा महिने ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. परंतु एखाद्या रात्री वरच्या अंगाला पाऊस कोसळला, यशोदेला किंवा तिला मिळणाऱ्या नाल्यांना पूर आला, की पलीकडची गावे काही तासांसाठी दुसऱ्याच मुलखातली होतात.

जुन्या पिढीने याचा हिशेब कॅलेंडरवर मांडला होता. पावसाळ्यात वसुलीला निघायचे नाही, माल आधीच पोहोचवून ठेवायचा, लग्नकार्ये उन्हाळ्यात उरकायची. साधु-साध्वींचा विहारही या चार महिन्यांत थांबतो. त्यामागे जीवदयेचा विचार आहेच, परंतु पावसाळी वाट ही इतर वाटांसारखी नसते, ही जाणीवही त्यात आहे. आजच्या व्यापाराला चार महिने थांबणे परवडत नाही. शेतकऱ्याला युरिया हवा असतो तो नेमका पावसाच्या उघडिपीत. म्हणून थांबण्याऐवजी पाहून जाण्याची रीत आली, आणि पाहण्याचे साधन म्हणून हातात फोनचा पडदा आला.

या पडद्यावरचा नकाशा आणि भिंतीवरचा नकाशा यांत मोठा भेद आहे. भिंतीवरचा नकाशा वाट कोठे आहे ते सांगतो. ती आज कशी आहे ते तो सांगू शकत नाही. वाट कोठे आहे हे अचूक सांगण्याच्या कामाशी वर्धा जिल्ह्याचे नाते जुने आहे. सन १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांनी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. दक्षिणेकडून त्रिकोणांमागून त्रिकोण जोडीत हे काम उत्तरेकडे सरकत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टन यांचा हिंगणघाट येथे मृत्यू झाला, आणि तेथेच त्यांचे दफन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम हाती घेतले. देशाच्या नकाशाचा कणा ज्यांनी उभा केला, त्यांची समाधी देवळीच्या शेजारच्याच एका तालुक्यात आहे, हे या भागातील पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु कितीही अचूक नकाशा असला तरी नदी आज किती फुगली आहे हे त्यातून कळत नाही, आणि ते न कळण्याची किंमत वर्धा नदीच्या काठाने मोजलेली आहे. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यात, याच नदीच्या काठी, मोवाड नावाचे बाजारपेठेचे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी आलेल्या पुराने ते गाव उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. वरच्या अंगाला काय घडत आहे, याची वार्ता पाण्याच्या आधी गावापर्यंत पोहोचली नाही. मोवाडचे नाव निघाले की वर्धा नदीच्या काठची वडीलधारी माणसे आजही क्षणभर गप्प होतात.

आज ती वार्ता पोहोचवण्याची साधने पुष्कळ आहेत. मात्र प्रत्येक साधन वेगळी गोष्ट मोजते, आणि ते काय मोजते हे समजून न घेता केवळ रंगावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

पहिले साधन भारतीय हवामान विभागाचे. हा विभाग सन १८७५ पासून कार्यरत आहे. त्याच्या नकाशावर जिल्हे चार रंगांत दिसतात. हिरवा म्हणजे विशेष काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता कृती करा. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. हा रंग पुढे काय होऊ शकते याचा अंदाज आहे, आता काय आहे याची नोंद नव्हे. शिवाय तो संपूर्ण जिल्ह्याचा आहे. वर्धा जिल्हा पिवळा दिसत असताना आर्वीकडे ढगफुटीसारखा पाऊस आणि देवळीत लख्ख ऊन, असे होऊ शकते. आणि आर्वीकडचे पाणी वर्धा नदीतून खाली पुलगावकडेच येते.

दुसरे साधन रडार. नागपूर येथील डॉप्लर रडारचे चित्र काही मिनिटांच्या अंतराने बदलते आणि पावसाचे ढग कोणत्या दिशेला सरकत आहेत ते दाखवते. कापसाच्या हंगामात देवळीच्या व्यापाऱ्याला याचा उपयोग पावसाळ्यापेक्षाही अधिक होतो. नोव्हेंबरातील अवकाळी पावसाची एक सर उघड्यावरच्या कापसाचा भाव पाडून जाते. हमीभावाच्या खरेदीत कापसातील ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या मर्यादेत पाहिला जातो, त्यामुळे भिजलेली गाडी दारातून परत फिरू शकते. ढग कळंबच्या बाजूने येत आहेत हे तासभर आधी दिसले, तर ताडपत्री ओढता येते, हर्रास थोडा लवकर उरकता येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आहे. शेतात काम करणाऱ्या माणसांसाठी ते विशेष मोलाचे.

तिसरे साधन केंद्रीय जल आयोगाचे. नदीवरील मापन केंद्रांच्या ठिपक्यांना येथे रंग असतो. इशारा पातळीच्या खाली पाणी असेल तर हिरवा, इशारा पातळी ओलांडली की पिवळा, धोक्याची पातळी ओलांडली की नारंगी आणि आजवरच्या सर्वोच्च पातळीला पाणी पोहोचले की लाल. ही माहिती फोनवर मिळावी म्हणून आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘फ्लडवॉच’ हे ॲप सुरू केले. हा रंग अंदाजाचा नाही, मोजमापाचा आहे. म्हणून त्याचे वजन अधिक. परंतु मापन केंद्रे मोठ्या नद्यांवर असतात. गावाबाहेरच्या नाल्यावर मोजपट्टी कोण लावणार? इस्रोच्या ‘भुवन’ या नकाशाचेही तसेच. सन २००९ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत पुराने व्यापलेले क्षेत्र दाखवता येते, ढगांच्या आडूनही पाहणाऱ्या उपग्रहांची मदत तिला मिळते; मात्र उपग्रह वरून जाईल तेव्हाच चित्र टिपतो. नुकसानीचा अंदाज घेण्यासाठी ते उत्तम. आज दुपारी गाडी पाठवावी की नाही यासाठी ते अपुरे.

आणि चौथे साधन, जे सर्वांच्या हातात आहे आणि ज्यावर सर्वाधिक विश्वास ठेवला जातो, ते म्हणजे गूगलचा नकाशा. त्यावरही हिरवा, नारंगी आणि लाल रंग दिसतात. परंतु तो रंग रहदारीच्या वेगाचा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फोन किती वेगाने सरकत आहेत, यावरून तो ठरतो. तो नकाशा वाहने मोजतो, पाणी मोजत नाही. रस्ता बंद असल्याचे कोणी कळवले तर ते दिसते. न कळवले तर दिसत नाही. आडरस्त्यावर पाच-दहा फोनही जात नसतील, तर तेथे रंगच नसतो. आणि रंग नाही, गर्दी नाही, म्हणजे रस्ता मोकळा आहे, असा अर्थ घाईत असलेला माणूस काढून बसतो.

देवळीसारख्या गावातील कोणत्याही दुकानात घडू शकेल असा एक संवाद येथे नमूद करण्यासारखा आहे. पाऊस नुकताच थांबला आहे. नातू फोनवर पाहून म्हणतो, “आजोबा, रस्ता मोकळा दाखवतो आहे. गाडी काढायला सांगू?” गादीवर बसलेले आजोबा विचारतात, “मोकळा आहे, हे कोणी सांगितलं?” नातू म्हणतो, “नकाशानं.” आजोबा म्हणतात, “नकाशाला कोणी सांगितलं? आणि केव्हा?”

या दोन प्रश्नांत सारे येते. व्यापारी घराण्यांना हे प्रश्न नवे नाहीत. हुंडी हाती आली की जुना सराफ कागदाची प्रत पाहत नसे. ती लिहिणारा कोण आणि मुदत कोणती, हे आधी पाहत असे. ताळेबंद कितीही नेटका असला तरी तो अमुक तारखेचा असतो. त्या तारखेनंतर पेढीचे काय झाले हे त्यातून कळत नाही. नकाशावरचा रंगही कोणाचा तरी शब्द आहे आणि तो कोणत्या तरी घटकेला दिलेला आहे. शब्द कोणाचा आणि घटका कोणती, हे कळल्याशिवाय त्या रंगाला पत नाही.

रस्त्याची आजची स्थिती रंगाने दाखवण्याची रीत अत्यंत शिस्तीने पाळणारे लोक दूर, बर्फाच्या मुलखात आहेत. अनेक महाराष्ट्रीय कुटुंबांची मुले आज कॅनडात स्थायिक आहेत. तेथील हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईल त्यांच्या परिचयाच्या असतील. या वाहनाच्या जन्मामागे एक दुःखद घटना सांगितली जाते. किबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट या खेड्यात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए नावाचा हरहुन्नरी यांत्रिक राहत होता. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचे त्याचे प्रयोग तरुणपणापासून सुरू होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा गंभीर आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गाडलेले. रुग्णालयापर्यंत नेण्याचे साधन नाही. मूल दगावले. सन १९३७ मध्ये बोंबार्डिएला बर्फावर फिरणाऱ्या पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही त्याची छोटी गाडी बाजारात आली. बंद रस्त्याने एका घरातून जे नेले, ते इतर घरांतून जाऊ नये, अशी ही धडपड होती.

शेजारच्या ओन्टारियो प्रांतात आज या गाड्यांसाठी तीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटांचे जाळे आहे. स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक ते सांभाळतात. परवान्याच्या शुल्कातून खर्च भागतो. या मंडळांच्या महासंघाने वाटांचा एक नकाशा संगणकावर आणि फोनवर उपलब्ध केला आहे. प्रत्येक वाटेला तीनपैकी एक रंग असतो. हिरवी वाट खुली. पिवळी वाट मर्यादित स्वरूपात खुली, सावधगिरीने जाण्याची. लाल वाट बंद, तिकडे जायचेच नाही. गोठलेल्या तळ्यांवरून गाड्या जाताना बर्फाचा थर पातळ असेल तर माणूस गाडीसह खाली जातो, म्हणून हा रंग तेथे जीवनमरणाचा असतो. शिवाय पुष्कळशा वाटा खासगी मालकांच्या जमिनीतून, त्यांच्या अनुमतीने गेलेल्या आहेत. लाल वाटेवर गाडी घालणे म्हणजे केवळ स्वतःचा जीव धोक्यात टाकणे नव्हे. ज्याने विश्वासाने आपली जमीन वापरू दिली, त्याचा विश्वास मोडणेही आहे. पांदण ओली असताना ट्रॅक्टर शेजारच्या उभ्या पिकातून काढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

त्या नकाशातील ग्रहण करण्यासारखी गोष्ट यंत्र नाही, माणूस आहे. तेथील रंग आपोआप पडत नाही. स्थानिक मंडळातील लोक वाट पाहतात, यंत्राने बर्फ दाबून सपाट करतात आणि मग तिचा रंग ठरतो. रंगामागे ती वाट ओळखणारे कोणीतरी असते. आणि इतके असूनही, स्थिती केव्हाही बदलू शकते, समोर पाहूनच जा, ही सूचना प्रवाशाला दिलेली असते.

देवळीच्या आतल्या रस्त्यांसाठी असा नकाशा आज नाही. परंतु वाट ओळखणारी माणसे येथेही आहेत. पोलीस पाटील, कोतवाल, सकाळच्या फेरीचा एस.टी. चालक, दूध घेऊन येणारा गवळी, रपट्याजवळ ज्याचे शेत आहे तो शेतकरी. नकाशाचे रंग जेथे संपतात, तेथून यांचा शब्द सुरू होतो. जुने अडत्ये हंगामापूर्वीच प्रत्येक गावात असा एखादा माणूस ठेवून असत. चिठ्ठीवर किंवा निरोपावर काम चाले. आज फोन आहे, छायाचित्र क्षणात येते. रपट्यावरून पाणी किती, हे विचारण्यास एक मिनिट पुरते. तरीही ते विचारले जात नाही, कारण पडद्यावर काहीतरी दिसलेले असते आणि दिसलेल्याने समाधान होते.

येथे एक बारीक परंतु महत्त्वाची गोष्ट आहे. स्नोमोबाईलवर बसणारा स्वतःच नकाशा पाहतो आणि स्वतःच जातो. व्यापारात तसे नसते. नकाशा पाहणारा गादीवर असतो आणि पाण्याकाठी उभा असतो तो चालक, त्याच्या शेजारी हमाल. मालकाने “रस्ता मोकळा आहे” म्हटल्यावर परत फिरण्याचा धीर त्याला होत नाही. उशीर झाला तर बोलणी खावी लागतील, ही भीती पाण्यापेक्षा जवळची वाटते. वाहत्या पाण्याची ताकद वरून दिसत नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. खाली रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे तर कोणालाच दिसत नाही. दरवर्षी पावसाळ्यात विदर्भातील कोणत्या ना कोणत्या पुलावरून वाहन वाहून गेल्याची बातमी येते, आणि त्या वाहनात बहुधा असा कोणीतरी असतो ज्याला कोणीतरी पाठवलेले असते.

म्हणून पेढीवर एक साधी शिस्त असावी. जून लागण्यापूर्वी आपल्या गिऱ्हाइकांच्या गावांची यादी करावी आणि प्रत्येक गावासमोर दोन गोष्टी लिहाव्यात. वाटेत ठेंगणा पूल किंवा रपटा कोणता, आणि त्याची खबर देणारा माणूस कोण. सकाळी हवामान विभागाचा रंग पाहावा, नदीपलीकडे जायचे असेल तर जल आयोगाचा ठिपका पाहावा आणि प्रत्येकाखाली लिहिलेली वेळ पाहावी. वरच्या धरणांतून पाणी सोडल्याची सूचना आहे का, हे विचारावे. पाऊस थांबल्यानंतरही वर्धा नदी फुगते ती बहुधा याच कारणाने. मग त्या गावच्या माणसाला फोन करावा. आणि शेवटी चालकाला स्पष्ट सांगावे की पाणी दिसले तर परत ये, त्याबद्दल तुला कोणी बोलणार नाही. हे शेवटचे वाक्य यादीत लिहिता येत नाही. ते मालकाने स्वतःच्या तोंडाने बोलावे लागते, आणि एकदा गाडी रिकामी परत आल्यावर न रागावता पाळून दाखवावे लागते.

वर्धा-यवतमाळ महामार्ग आता रुंद झाला आहे, त्याचे पूल उंच आहेत. तो बंद पडण्याचे प्रसंग कमी. आगगाडीही आली आहे. उद्या कदाचित प्रत्येक नाल्यावर पाणी मोजणारे यंत्र बसेल आणि देवळी तालुक्याची प्रत्येक पांदण पडद्यावर हिरवी-लाल दिसू लागेल. तसे झाल्यास उत्तमच. तोवर त्या रपट्याजवळच्या शेतकऱ्याचा फोन क्रमांक खातेवहीच्या पहिल्या पानावर असावा, आणि त्याने कळवलेल्या खबरीबद्दल दिवाळीत त्याच्या घरी मिठाईचा पुडा आठवणीने पोहोचावा.